नवसाचे रोडगे, ३०० पान: सामान, आर, पंगत आणि मागचं निस्तरणं

पूर्णाकाठ

तूर घरात आली, हरभरा सोंगून झाला की आपल्याकडं रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, आवतणं सुरू होतात. कुठं मरीमायचा नवस, कुठं महादेवाचा, कुठं शेतातल्या आसरामायचा. शिवाय माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकटदिन, म्हणजे १८७८ साली महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ती तिथी. त्या दिवसाचे भंडारे वेगळेच. दरवर्षी तेच प्रश्न फोनवर विचारले जातात आणि दरवर्षी कुठं वरण कमी पडतं, कुठं दोन पोती रोडगे उरतात. म्हणून हा धागा. हिशेब ३०० पानांचा धरू, कमीजास्त ज्यानं त्यानं करून घ्यावं.

विचारायचं ते असं. सामान किती लागतं? खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी कणकेला आणि डाळीला चालतं का? नवस आईनं बोललेला आणि भाऊ वेगळे राहणारे, अशा वेळी खर्च कसा वाटावा म्हणजे पुढं तोंडं वाकडी होणार नाहीत? आणि ज्या घरात यंदा काही पिकलंच नाही, त्या घरानं पंगतीला यायला लाजू नये म्हणून तुमच्या गावात काय करतात? 'देवावर भरवसा ठेवा, सगळं होते' असं कृपा करून लिहू नका. आकडे लिहा.

चुलीपाशी

सामानापासून सुरू करते. ३०० पान म्हणजे ३०० सारखी पोटं नसतात. गडीमाणूस तीन रोडगे खातो, बाई दीड-दोन, लेकरू अर्धा मोडून उरलेला ताटात ठेवतो. सरासरी दोन धरा आणि वर पन्नास. एकूण ६५० रोडगे.

एक रोडगा साधारण १०० ग्रॅम कणकेच्या गोळ्याचा. त्याहून मोठा केला की आत कच्चा राहतो, लहान केला की कडक होतो. एक किलो पिठाचे भिजवून, मोहन धरून १५ रोडगे पडतात. म्हणजे पीठ ४५ किलो. गहू ४७ किलो द्या, निवडण्यात आणि चक्कीवर थोडी घट येतेच. चक्कीवाल्याला 'रोडग्याचं दळण' एवढं सांगितलं की पुरतं. तरी बोटात चोळून पाहा, रवा हाताला लागला पाहिजे. पोळीचं बारीक पीठ वापरलं तर रोडगा चिवट होतो आणि फोडताना ताणला जातो. घरात बारीक पीठच असेल तर चार वाट्या पिठाला एक वाटी जाड रवा मिसळा.

मोहन किलोला ८० ग्रॅम तेल, कडकडीत तापवून. ४५ किलोला साडेतीन-चार किलो. पापुद्र्यांना लावायला आणखी दीड. मीठ किलोला १२ ते १५ ग्रॅम, ओवा पाव किलो हातावर चोळून. सोडा घालू नका. सोड्यानं रोडगा फुलतो खरा, पण आरात (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात) चिरतो आणि चिरेतून राख आत जाते. पाणी बेतानं, कणीक पुरीच्या पिठाहून घट्ट पाहिजे. जाड पीठ पाणी सावकाश पितं, म्हणून पाऊण तास ओल्या फडक्याखाली ठेवून मग पुन्हा तिंबायचं.

बाकी सामान: तूर डाळ १२ किलो, तांदूळ १५ किलो, वांगी ४० किलो, आलू ८ किलो, तूप ५ किलो, गूळ ४ किलो. भात कमी वाटेल, पण रोडग्याच्या पंगतीत भात शेवटी घासभरच जातो. फेकून द्यायची वेळ येते ती नेहमी भातावर.

आता हात. पाच छोट्या पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवायच्या, मग सगळ्यांत बाहेरची जरा मोठी घेऊन मोदकासारखी वळून तोंड बंद करायचं. एका बाईचे तासाला १५-१६ रोडगे होतात. म्हणजे १४ जणी बसल्या तर तीन तास. सहाच जणी असतील तर पाच पुऱ्यांचा हट्ट सोडा: एक मोठी पोळी लाटा, तेल लावा, चौकोनी घडी घाला, कोपरे आत वळवून गोळा करा. पापुद्रे थोडे कमी सुटतात, वेळ निम्मा लागतो. तोंड बंद करताना तळाशी कणकेचा गड्डा जमू देऊ नका, कच्चा राहतो तो तिथंच.

सोनचाफा

भाजीचं मी लिहिते. वांगी काटेरी, हिरवट, मध्यम आकाराची घ्या. मोठ्या वांग्यात बी कडू निघतं आणि अळी दिसत नाही. देठ अर्धं ठेवून चार चिरा द्यायच्या, प्रत्येक वांगं उघडून पाहायचं, लगेच मिठाच्या पाण्यात टाकायचं. चिरणारे आठ जण असतील तर ४० किलोला दीड तास लागतो. आदल्या रात्री चिरून ठेवू नका, काळी पडतात आणि पाणी तुरट होतं.

फल्ली (शेंगदाणा) तेल ४ लिटर, कांदा ६ किलो, लसूण-अद्रक मिळून दीड किलो, भाजलेलं खोबरं दीड किलो, फल्लीचं कूट २ किलो, तिखट ७०० ग्रॅम, काळा मसाला ४०० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, भेद्रं (टमाटे) ४ किलो, सांबार (कोथिंबीर) १०-१२ जुड्या. मीठ ६०० ग्रॅमपासून सुरू करा, वांगी मिठाच्या पाण्यातून आलेली असतात.

कांदा लाल झाल्यावर लसूण-अद्रक, मग खोबरं. मसाला टाकायच्या आधी चुलीतलं एक लाकूड ओढून घ्या. मोठ्या गंजात (पातेल्यात) तळाला मसाला जळतो आणि वर कळत नाही. पुढं कितीही भेद्रं टाकली तरी तो कडवटपणा जात नाही. मसाल्याला तेल सुटलं की भेद्रं, मग २० लिटर गरम पाणी, उकळी फुटल्यावर आधी आलू. दहा मिनिटांनी वांगी. त्यानंतर सराटा फिरवायचा नाही, गंज दोन्ही कडा धरून हलवायचा. वांगं बोटानं दाबून थोडं कडक लागतंय तेव्हाच लाकडं ओढा. एवढ्या मोठ्या गंजाची धग अर्धा तास आपोआप शिजवत राहते. पूर्ण शिजवून उतरवली की पहिल्या पंगतीला भाजी आणि तिसऱ्या पंगतीला लगदा.

राखुंडी

सामान झालं, भाजी झाली. पन सारा खेळ आराचा हाय भाऊ. कनीक कितीबी चांगली भिजवा, आर बिघडला तं रोडगा बिघडला.

गोवऱ्या शुद्ध शेनाच्या पाह्यजेत, दोन मैने उन्हात वाळलेल्या. कुटार (भुसा) जास्त मिसळलेली गोवरी भसकन जळते, तिची नुसती राख होते, निखारा राह्यत नाही. अर्धओली असन तं धूर धरते आन रोडग्याले वास लागते. हातात घेऊन मोडून पाहा. कडकन मोडली तं बरी, वाकली तं बाजूले ठेवा. ६५० रोडग्याले ३०० गोवऱ्या धरा, वरून पन्नास हाताशी.

आर एकच लंबा करू नका. तीन करा, सहा फूट बाय तीन फुटाचे, मंधात मानूस फिरन इतकी जागा सोडून. एका आरात १०० ते ११० रोडगे बसते, म्हंजे दोन खेपा. गोवऱ्या दोन ओळीनं उभ्या, एकमेकीले टेकवून लावा. तुराटीनं पेटवा. पऱ्हाटी चुलीत चालते, गंजाखाली चालते, पन आरात टाकू नका. कपाशीवर साऱ्या मोसमात औषधं मारलेली असते आन रोडगा त्या निखाऱ्याले चिकटून भाजते. रॉकेल, डिझेल, फाटलेली चप्पल, पन्नी, याच्यातलं काहीच नको.

जाळ गेला, धूर मेला, गोवरीवर पांढरी साय धरली, की काठीनं ठोकून निखारे बारीक करा. पाऊन तास लागते. मंग फावड्यानं अर्धा आर बाजूले ओढा. खाली राह्यलेल्या पातळ थरावर रोडगे मांडा, तोंड बंद केलेली बाजू पह्यले वर. बारा-पंधरा मिनिटं सारखे फिरवत राहा, चारही बाजूनं टनक झाले पाह्यजे. टनक झाल्याबिगर दाबले तं राख आत शिरते. टनक झाले का बाजूचा आर आन राख वरून पसरवा आन अर्धा तास हात लावू नका. इथंच मानसं चुकते. दर पाच मिनिटाले उकरून पाहते, आर थंडा होते, मंग रोडगा वरून काळा आन आतून गच्च.

झाला का नाही ते कसं ओयखाचं: हातात हलका लागते, टिचकी मारली तं पोकळ वाजते, वरतून तडकलेला राह्यते. तरी हर खेपेतला आराच्या मधातला एक फोडून पाहाच. काठावरचा फोडू नका, तो कच्चाच राह्यते आन फुकट घाबरवते.

काढल्यावर धुतलेल्या सुती फडक्यात नाहीतर कोऱ्या पोत्यात वीस-वीस टाका, दोघांनी टोकं धरून पाळण्यावानी हालवा. राख गळून जाते. युरियाच्या पोत्यात नको, धुतलं तरी नको.

नागपुरी_तर्री

राखुंडी भाऊ, एवढी मेहनत कायले? उकडून कढईत तळून घेतले तर दोन तासांत ६५० होतात जी.

राखुंडी

होते ना. त्याले खानदेशात बट्टी म्हन्ते आन चांगलीच लागते. पन १५ किलो तेल वरून लागन. नवसाचा रोडगा आरातलाच.

पूर्णाकाठ

पाण्याचं कोणीतरी सांगा. आमच्याकडं बोअर खारं आहे.

उपकेंद्र

खाऱ्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. दोन तास उकळली तरी दाणा दाणा वेगळा राहतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पट्ट्यात हे सगळ्यांना माहीत आहे. डाळ, कणीक, भात आणि पिणं एवढ्यासाठी गोडं पाणी आणा. ३०० माणसांना पिण्याला ६०० लिटर, स्वयंपाकाला २५० लिटर. हात-तोंड धुणं, भांडी, आर विझवणं याला बोअरचं चालतं, ते २००० लिटर धरा. खाऱ्या पाण्यातच कणीक भिजवायची वेळ आली तर मीठ निम्मं करा.

पिण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. आधी बादलीत कालवा, खाली चुना बसू द्या, वरचं पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा, मग नळ उघडा. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडं पावडर असते. डबा उघडून बरेच दिवस झाले असतील तर तिचा जोर गेलेला असतो, नवीन मागा. टँकर कुठून भरला ते विचारा. फवारणीच्या पाण्याचा ड्रम पिण्याला कधीच नाही, कितीही घासला तरी नाही.

विषबाधा रोडग्यानं होत नाही. ती होते भातानं, वरणानं आणि मठ्ठ्यानं. सकाळी आठला शिजवलेला भात झाकून दुपारी तीनला वाढला की जुलाब-उलट्या ठरलेल्या. भात शेवटी लावा, पहिली पंगत बसल्यावर. वरणाचा गंज मंद निखाऱ्यावर ठेवा, वाफ निघत राहिली पाहिजे. शिजून चार तास झालेलं आणि थंड पडलेलं काही वाढू नका. ज्याच्या हाताला जखम, फोड आहे किंवा ज्याला दोन दिवसांत जुलाब झालेत त्यानं कणकेत हात घालायचा नाही. सेवा करायचीच असेल तर लाकडं फोडावीत. हे तोंडावर सांगायला अवघड जातं, म्हणून कामं वाटतानाच सांगून टाका. ओआरएसची २० पाकिटं हाताशी ठेवा. एकाच वेळी तिघा-चौघांना उलट्या लागल्या तर वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि राहिलेलं वरण-भात झाकून तसंच ठेवा, तपासायला लागतं.

साखर असलेल्या माणसांना गूळ-तुपाचा आग्रह करू नका. देवाचं आहे म्हणून साखर वाढायची थांबत नाही.

पांदणरस्ता

खर्चाचा प्रश्न वर नुसता टाकून सगळे चुलीकडं गेले, म्हणून मी तिकडं वळतो.

नवस आईचा असला तरी यादी भावांनी एकत्र बसून करावी, आणि बायकांना सोबत घेऊन करावी. पैशाचे समान तीन भाग करायची पद्धत वरून न्यायाची दिसते, पण एका भावाला ओलिताची आठ एकर आणि दुसऱ्याला कोरडवाहू दोन एकर असेल तर त्या समान भागातच पुढचं भांडण असतं. चालते ती रीत अशी: सामान वाटून घ्यायचं, पैसा वाटायचा नाही. एकाच्या घरची तूर आहे तो डाळ देतो, एक गहू आणि दळण, एक वांगी आणि तेल-मसाला. ज्याच्याकडं काहीच नाही तो गोवऱ्या, लाकूड, पाणी आणि आदल्या दिवसापासूनची राबणूक घेतो. ३०० गोवऱ्या थापून वाळवणं हे दोन महिन्यांचं काम आहे, ते तुपाच्या डब्याहून हलकं नाही, आणि हे यादी करताना सगळ्यांसमोर बोलून दाखवावं. बहिणींकडून काही घेऊ नये. आवतणाच्या चिठ्ठीवर 'आहेर आणू नये' असं छापा आणि आलाच तर खरंच परत करा. एकाचा घेतला की गावाचा घ्यावा लागतो.

पूजेला मोठा भाऊ-भावजय बसणार हे धरून चालतात. आई विधवा असेल तरी तिच्याच हातून नारळ फोडावा. नवस तिचा, मग तिला बाजूला बसवून दुसऱ्यानं फेडायचा याला कोणता शास्त्राधार? देव्हाऱ्यापुढं हा वाद ऐन वेळी उकरला जातो, तो आठ दिवस आधी घरात मिटवा.

आता कर्ज. नवसासाठी व्याजानं पैसा काढू नका, बचत गटातूनही नको. गाडगेबाबा शेंडगावचे, जन्म १८७६ चा, आपल्याच मातीतले. भुकेल्याला अन्न द्या हे त्यांनी जन्मभर सांगितलं आणि त्याच कीर्तनात कर्ज काढून सण-पंगती करू नका हेही सांगितलं. दोन्ही एकत्र धरायचं. नवस ३०० पानांचा बोलला असेल आणि साल बुडालं असेल तर पाच रोडगे मरीमायला ठेवून, पाच घरी शिधा देऊन नवस पुढच्या सालावर टाकता येतो. गावातली जुनी माणसं याला हरकत घेत नाहीत, हरकत घेतात ते पंगतीची वाट पाहणारे.

नागपुरी_तर्री

हे पटलं. पण मग थेट शाळेला पैसे द्यावेत, पंगत कायले?

पांदणरस्ता

द्या की. शाळेच्या पैशात मात्र फक्त पैसेवाले भाग घेतात, रोडग्यात मजूर बाईसुद्धा १५ रोडगे वळून जाते आणि तिचं देणं सावकाराच्या डाळीइतकंच मोजलं जातं. दोन्ही करायचं असेल तर ३०० चं १५० पान करा आणि उरलेल्या सामानाचे शिधे बांधा.

शिधा कसा द्यावा तेही लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी देण्यापेक्षा देण्याची रीत चुकते. ज्या घरात कर्ता माणूस गेला, किंवा कोणी सेवाग्राम-नागपूरच्या दवाखान्यात महिनाभर पडून आहे, अशा घराला पंगतीतल्या माईकवरून हाक मारू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. चार माणसांच्या घराला पंधरा दिवस पुरतो तो शिधा असा: गहू १५ किलो, तांदूळ ८, तूर डाळ ३, तेल २ लिटर, गूळ २, तिखट-मीठ-हळद, आगपेटी, आणि लेकरं असतील तर फल्ली दाणे किलोभर. पीठ देऊ नका, जाळी धरतं. संध्याकाळी, त्या घराशी बोलणं-चालणं असलेल्या एकाच बाईच्या हातून पाठवा. सोबत 'आमच्याकडं रोडगे आहेत, तुम्ही वळायला या' असं आवतण, म्हणजे ते घर घेणारं राहत नाही, राबणारं होतं.

वर्गणीचंही तसंच. मंदिराच्या ओट्यावर एक कोपर (मोठी परात) ठेवा, त्यात ज्यानं त्यानं आपल्या घरचं धान्य ओतावं. मोजायचं नाही, वहीत लिहायचं नाही. ज्याला पावती पाहिजे त्यानं दानपेटीत टाकून समितीकडून घ्यावी. देणगीदारांची नावं लाऊडस्पीकरवर वाचायची पद्धत बंद केली की पहिल्या वर्षी रोख थोडी घटते, धान्य वाढतं.

चुलीपाशी

यावर एक व्यवहाराची पुस्ती. कोपरात सगळ्या घरचा गहू मिसळला की त्यात लोकवन, बन्सी, रेशनचा, सगळा येतो. दळण एकसारखं होत नाही, कणीक कुठं सैल कुठं घट्ट. वर्गणीचा गहू शिध्यासाठी ठेवा आणि रोडग्यांना एका घरचा, एका जातीचा वापरा. आणि धान्य चाळून घ्या; कोठीत ठेवलेल्या किडीच्या गोळीची पुडी एखाद्या पायलीत निघते. ती विषारी असते. पुडी निघाली तर ते धान्य अन्नात घ्यायचं नाही, धुऊनसुद्धा नाही.

खराटा

पंगत. ३०० पान म्हणजे १०० च्या तीन पंगती, प्रत्येकी पाऊण तास. वाढपी एका पंगतीला १६ लागतात: रोडगे ४, भाजी ४, वरण ४, पाणी ३, आणि तूप एक. तुपाला एकच हात ठेवा, तोही घरच्या माणसाचा, म्हणजे सुरुवातीला धार आणि शेवटी थेंब असं होत नाही. आधी मीठ-लिंबू-कांदा, मग भाजी, मग रोडगा, तो फोडल्यावर वरण, वरणावर तूप. रोडगा वाढायच्या आधी वरण वाढलं तर ते पत्रावळीतून वाहतं.

पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं, लेकरं, अपंग आणि लांबून पायी आलेले. बसायच्या ओळी कोणी कोणाशेजारी बसावं असं न पाहता जशी माणसं येतील तशा भरायच्या. 'आमचे लोक तिकडं' असं कोणी सुरू केलं तर घरधन्यानं स्वतः त्या तोडाच्या जागी जाऊन बसावं, बोलत बसू नये. ज्यांना येता येत नाही त्यांची यादी आदल्या दिवशी करा: अंथरुणावरचे, बाळंतीण, रानडुकरांपायी जागलीवर गेलेले. ३०० पानांच्या गावात असे २०-२५ डबे निघतात. ते पहिली पंगत बसण्याआधी भरून रवाना करायचे, उरलं तर देऊ म्हणायचं नाही.

पत्रावळी पळसाच्या, टाके काड्यांचे, ३५० नग. वरण पातळ असेल तर दोन एकाखाली एक. चकचकीत कागदी प्लेटींना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, आणि थर्माकोलवर तर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाची पत्रावळ उकिरड्यात टाकली की पावसाळ्यात खत होतं.

शेवटच्या पंगतीचे हात धुवायच्या आधी दहा खराटे बाहेर काढून ठेवा. पंगत उठली की तिथल्या तिथं झाडायला सुरुवात. उद्या करू म्हटलं की रात्री कुत्री-डुकरं सगळं गावभर करतात. गाडगेबाबा कीर्तनाच्या आधी गाव झाडत, आपण जेवणानंतर निदान ओटा झाडू.

गुरंढोरं

थांबा, उकिरड्याच्या आधी माझं ऐका. उरलेलं अन्न 'गाईच्या मुखी' म्हणून घमेलंभर रोडगे आणि भात एकाच गाईपुढं ओततात. भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरला फोन येतात ते यामुळंच. जनावराच्या पोटात कडब्या-कुटारावर जगणारे जंतू असतात. अचानक पीठ-भात पडला की पोटात आंबट तयार होतं, डाव्या कुशीला फुगवटा, रवंथ बंद, पातळ आंबूस शेण, दात खाणं, मग जनावर बसतं ते उठत नाही. गाभण गाईला जास्त धोका.

मोठ्या जनावराला दोन-तीन रोडगे, तेही चुरून कुटारात मिसळून, एवढंच. शेळीला अर्धा. मसाल्याची भाजी नाही. फुगलंच तर तेल पाजायच्या नादात नाळ्यानं श्वासनळीत ओतू नका, चारा-दाणा बंद ठेवून डॉक्टरला बोलवा. त्यात उशीर म्हणजे जनावर गेलं.

रोडगे उरले तर ते माणसांनीच खायचे. आरातला कोरडा रोडगा सुती कपड्यात दोन दिवस टिकतो, चुरून फोडणी देऊन किंवा गूळ-तुपात मळून लाडू करून खातात. डब्यात गरम असताना झाकले की घाम धरून दुसऱ्या दिवशी बुरशी.

सोनचाफा

उरू नयेत म्हणून: ६५० पैकी ४०० पहिल्या खेपेत आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत वळा, बाकीची कणीक ओल्या कपड्याखाली ठेवा. दुसरी पंगत उठली की किती माणूस राहिलं ते दिसतं, तेवढेच भाजा. उरलेल्या कणकेच्या संध्याकाळी राबणाऱ्यांसाठी पोळ्या होतात.

राखुंडी

ताई, ४०० चं बरोबर हाय, पन मंग तिसरा आर आधीच पेटवून ठेवू नका. पाऊन तास आधी पेटवा. आधी पेटवला तं दुसऱ्या पंगतीपर्यंत राख होऊन बसते.

पूर्णाकाठ

वाऱ्याचं काय? फाल्गुनात दुपारी वावटळ उठते. मंदिराला लागूनच कडब्या-कुटाराच्या गंज्या आहेत.

राखुंडी

गंज्या लागून असन तं आर तिथं नकोच. कडबा, कुटाराचा ढीग, तुराट्या-पऱ्हाट्याची रास, यापासून शंभर पावलं दूर, आन वारा कोन्या अंगानं येते ते सकाळी पाहून, गंज्या वाऱ्याच्या वरच्या अंगाले राह्यतीन असं. वखरलेलं वावर सर्वात चांगलं. आराभोवती हातभर रुंद जागा खरडून काडीकचरा काढा. वाऱ्याच्या बाजूनं टिनाचे दोन पत्रे आडवे उभे करा, रोडगेबी सारखे भाजते. दोन ड्रम खारं पानी, चार बादल्या, ओल्या पोत्याचे सहा तुकडे. टाइम असा धरा: पहाटं पाचले कनीक, साडेसातले वळनं, आठले आर पेटवा, पावने नऊले पह्यली खेप, पावने दहाले निघते, लगेच त्याच आरावर तीस-चाळीस नव्या गोवऱ्या टाकून दुसरी. अकराले नैवद्य, साडेअकराले पंगत. वावटळ दुपारी दोननंतर उठते, तवरिक आर विझवून झाला पाह्यजे. नुसतं वरून पानी मारू नका, राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जित्ता राह्यते आन लेकरं अनवानी खेळाले येते. पानी मारा, फावड्यानं उलटवा, पुन्हा मारा, आन हात धरून पाहा.

उपकेंद्र

आणि भाजलंच कोणाला तर थंड पाण्याखाली वीस मिनिटं. राख, शाई, टूथपेस्ट काही लावायचं नाही. बांगड्या-अंगठी सुजायच्या आधी काढा.

पूर्णाकाठ

टिनाचे पत्रे आहेत. गोवऱ्या २२० च भरल्या, बाकीच्या अर्धओल्या निघाल्या.

राखुंडी

मंग बाभळीचं वाळलेलं लाकूड मिसळा, मनगटाएवढं जाड, दोन मन. त्याचा निखारा गोवरीहून तेज राह्यते, म्हून वरून राखेचा थर जरा जाड द्या आन फिरवाले एक मानूस वाढवा. कडुनिंबाचं नको, धूर कडू.